निघून जाण्याची सोय

घरातल्या दोन कुत्र्यांत जुंपायला लागली की सल्ला देणारे धावून येतात, आणि ते ढोबळमानाने दोन पंथांचे असतात. पहिला पंथ जहाल. तो म्हणतो, "एकदा होऊन जाऊ द्या. कोण वरचढ ते ठरलं की आपोआप गप्प बसतील. आणि घराचा बॉस तुम्ही आहात हे दोघांनाही नीट दाखवा." दुसरा पंथ मवाळ. त्याच्या मते हे दोघं भावंडं. एकाचे लाड जास्त होतात, दुसऱ्याचे कमी, म्हणून हेवादावा. दोघांना सगळं सारखं द्या, शेजारी-शेजारी जेवू घाला, एका गादीवर झोपवा, प्रेमापुढे काही टिकत नाही. पहिल्या पंथाचे लोक बहुधा जर्मन शेफर्ड पाळतात आणि दुसऱ्याचे लॅब, असा माझा एक अशास्त्रीय अंदाज आहे; तो सोडून देऊ. दोन्ही पंथांची अडचण एकच. ते कुत्र्यांकडे बघतच नाहीत. जहालांच्या डोळ्यांपुढे वारस ठरवणारा दरबार असतो, मवाळांच्या डोळ्यांपुढे एका ताटात जेवणारं एकत्र कुटुंब. दरबारही माणसांचा आणि कुटुंबही माणसांचंच.

कुत्र्याच्या बाजूने पाहायचं तर पहाटे रस्त्यावर उभं राहावं. एका गल्लीचा कुत्रा दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी येतो. तिथला कुत्रा ताठ होतो, शेपूट वर जाते, नजर रोखली जाते. आलेला कुत्रा मान वळवतो, उगाच जमीन हुंगतो, अर्धवर्तुळ घेत बाजूने सरकतो आणि आल्या वाटेने जातो. दोघांपैकी कुणी जिंकलेलं नसतं. सगळ्या प्रसंगाला अर्धं मिनिटही लागत नाही आणि रक्ताचा थेंब सांडत नाही. तंटा मिटवण्याचा कुत्र्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त मार्ग हाच आहे: तिथून निघून जाणं. आपण त्याला घरी आणतो, प्रेमाने नाव ठेवतो, दार लावतो, आणि नेमका हा मार्ग बंद करतो. मग दोघांत कडाडून भांडण झालं की त्याचं कारण कुत्र्यांच्या स्वभावात शोधतो. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा ते घराच्या मांडणीत आणि आपल्या हौसेत असतं.

बॉसच्या कल्पनेचा इतिहास पाहिला तर हेच दिसतं. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एबे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला कोंबड्यांमधला टोचण्याचा क्रम मांडला: कोण कुणाला टोचते आणि कोण निमूट टोचून घेते. प्राण्यांच्या जगात उतरंड शोधण्याची सवय तिथून रुळली. १९४७ साली रुडोल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे दहापर्यंत लांडगे १० बाय २० मीटरच्या आवारात कोंडलेले होते. ते सतत एकमेकांवर गुरकावत, चढाई करत, आणि या चढाओढीतून वर आलेल्या नर-मादीला पुढे 'अल्फा' हे बिरुद चिकटलं. अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांनी १९७०च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात ते घेतलं आणि तिथून ते कुत्र्यांच्या शिकवणीत, टीव्हीवरच्या कार्यक्रमांत आणि शेवटी आपल्या सोसायटीच्या बागेत पोहोचलं.

पुढे याच मेक यांनी १९८६पासून कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समीर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९च्या लेखात आपलाच शब्द मागे घेतला. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक आई, एक बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिलं. तिथे कुणी लढून सत्ता मिळवत नाही. जो पुढे असतो तो बाप असतो म्हणून पुढे असतो. पिलं वयात आली, साधारण एक ते तीन वर्षांची झाली, की कळप सोडून जातात आणि दुसरीकडे घर मांडतात. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून मेक यांना प्रकाशकाच्या मागे लागावं लागलं. पुस्तकाने जगभर पेरलेली कल्पना लेखकाला परत वेचता आली नाही, हे या प्रकरणाचं दुर्दैव.

इथवरची गोष्ट आता बऱ्याच श्वानप्रेमींना माहीत आहे, आणि ती सांगून ते शेंकेलना निकालात काढतात. मला ही घाई वाटते. शेंकेलनी पाहिलेली भांडणं खोटी नव्हती. दहा लांडगे, चारी बाजूंनी कुंपण आणि बाहेर जायला वाट नाही, अशा ठिकाणी लांडगे असंच वागतात. चूक झाली ती त्यावरून रानाचा नियम काढण्यात. आता आपल्या घराकडे बघा. ठाण्यात किंवा हडपसरला मिळणाऱ्या टू बीएचकेच्या साधारण तिप्पट जागा त्या लांडग्यांना होती. आपल्याकडे दोन कुत्रे, चार माणसं, एक सोफा, एक अरुंद बोळकांडी आणि लिफ्ट. कुत्रे एकमेकांच्या नात्यातले नसतात, एकमेकांना त्यांनी निवडलेलं नसतं, आणि वयात आलेल्या तरुण कुत्र्याला घर सोडून जाण्याची मुभा नसते. रानातल्या कळपापेक्षा आपला फ्लॅट बाझलच्या त्या आवाराच्या कितीतरी जवळ आहे. म्हणून शेंकेल यांच्याकडून घ्यायचा धडा 'तुम्ही अल्फा व्हा' हा नाही. कोंडलेल्या प्राण्यांना अंतर ठेवता आलं नाही तर ते दातांनी अंतर पाडतात, हा आहे.

पिलू घरात आलं तेव्हा मोठ्या कुत्र्याशी छान खेळत होतं, मग दीड-दोन वर्षांनी अचानक काय बिघडलं, असं लोक आश्चर्याने विचारतात. अचानक काहीच बिघडलेलं नसतं. ज्या वयात लांडग्याचं पिलू कळपाबाहेर पडतं त्याच वयात घरातलं पिलू प्रौढ होतं, आणि आजवर पिलू म्हणून माफ असलेला आगाऊपणा मोठ्याला खटकू लागतो. बाहेर पडायला दार नसतं. मग तो ताण रोज थोडाथोडा साचतो.

"गावात नाही का दोन-दोन, तीन-तीन कुत्रे एका दारात सुखाने राहत?" हा आक्षेप हमखास येतो आणि तो वाजवी आहे. पण ते दार बंद नसतं. पडवीतला कुत्रा गोठ्याकडे जाऊन झोपतो, दुसरा उकिरड्यावर, तिसरा दुपारभर बांधावर असतो. भाकरी अंगणात टाकली आणि मोठ्याने ती पटकावली तर धाकटा शेजारच्या दारात जातो. संध्याकाळी दोघं पुन्हा एका उंबऱ्यावर दिसतात आणि आपल्याला सलोखा वाटतो. तो सलोखा खरा आहे, पण तो दिवसभराच्या अंतरावर उभा आहे. याचा अर्थ मोकळं जिणं आदर्श आहे असा कुणी घेऊ नये. कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या ३६४ पिलांची नोंद ठेवली; त्यांपैकी फक्त १९ टक्के पिलं पुनरुत्पादनाच्या वयापर्यंत जगली. घरातला कुत्रा जगतो, लस घेतो, म्हातारा होतो. त्याच्या बदल्यात त्याने गमावलेली गोष्ट कोणती, एवढं फक्त आपल्याला कळायला हवं, कारण ती भरून देणं आपलंच काम आहे.

आता मवाळांचा समतेचा आग्रह. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी एकाच घरातल्या भांडखोर जोड्यांच्या ३८ प्रकरणांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. जोड्या थोड्या आहेत, आणि त्या उपचारासाठी आलेल्या म्हणजे आधीच बिघडलेल्या आहेत, हे लक्षात ठेवूनही त्यातले आकडे बोलके वाटतात. ७९ टक्के जोड्या एकाच लिंगाच्या होत्या. कुरापत काढणारा ७४ टक्के वेळा घरात नंतर आलेला कुत्रा होता आणि ७० टक्के वेळा वयाने लहान. भांडणाचं निमित्त काय? ४६ टक्के प्रकरणांत खाणं. आणि तेवढ्याच, ४६ टक्के प्रकरणांत मालकाचं लक्ष. ३१ टक्क्यांत नुसती धांदल, म्हणजे बेल वाजणं, कुणीतरी घरी येणं. २६ टक्क्यांत जमिनीवर सापडलेली एखादी वस्तू.

मालकाचं लक्ष हे मटणाच्या हाडाइतकंच भांडणाचं कारण ठरतं, हे मालकाला सुखावणारं वाटेल, पण त्यातून निघणारा अर्थ अवघड आहे. संध्याकाळी सात वाजता बाई ऑफिसातून येतात, दार उघडतात आणि दोन्ही कुत्रे एकदमच त्यांच्या अंगावर झेपावतात. दारातली जागा तीन फूट. समतेचा आग्रह म्हणून त्या एक हात एकाच्या डोक्यावर आणि दुसरा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतात. दोघांना सारखं मिळालं. पण सारखं द्यायचं म्हणून दोघांना एकाच क्षणी, एकाच जागी, एकाच वस्तूभोवती आणलं गेलं, आणि भांडणाला लागतं ते सगळं तिथे जमलं. शेजारी मांडलेल्या दोन वाट्यांचं हेच होतं. एकाचं आधी संपतं, तो मान वळवतो, दुसरा खाताखाता थिजतो, आणि आपण मात्र दोन्ही वाट्यांत मोजून तेवढेच दाणे घातल्याच्या समाधानात असतो. दत्ताच्या तसबिरीतले चार कुत्रे कधी भांडताना दिसत नाहीत. चित्रकाराने त्यांच्यापुढे वाटी ठेवलेली नाही.

कुत्र्याला वाट्याचा हिशोब नको असतो, पुढे काय होणार याची खात्री हवी असते. आपली वाटी कुठे येणार, कधी येणार, ती खाताना कुणी मागून येणार नाही, दार उघडलं की आधी कोण बाहेर जाणार आणि दुसऱ्याची पाळी नक्की येणार की नाही, हे रोज तसंच घडत राहिलं तर त्याला झगडण्याचं कारण उरत नाही. टफ्ट्सच्या त्याच अभ्यासात दोन उपाय तपासले होते. पहिल्यात दोन्ही कुत्र्यांनी काहीही मिळवण्याआधी बसणं, थांबणं असं काहीतरी करून दाखवायचं. मालकांच्या सांगण्यानुसार तो ८९ टक्के जोड्यांत उपयोगी पडला. दुसऱ्यात दोघांपैकी एकाला, शक्यतो थोरल्याला, सगळ्यात आधी मान द्यायचा. तो ६७ टक्के जोड्यांत. दुसऱ्या उपायाचं यश दाखवून जहाल पंथ म्हणेल, "बघा, उतरंड लागतेच." मला तसं वाटत नाही, तरी हा पुरावा मी लपवणार नाही. दोन्ही उपायांत समान काय आहे? घरातला गोंधळ संपतो. एकात प्रत्येक गोष्टीआधी थांबावं लागतं, दुसऱ्यात क्रम ठरलेला असतो. दोन्हीकडे कुत्र्याला पुढचा क्षण ओळखता येतो. क्रम आपण लावला की कुत्र्यांनी तो दातांनी लावायची गरज राहत नाही. तो क्रम बढतीसारखा मानाचा आहे की रेशनच्या रांगेसारखा सोयीचा, हे कुत्र्यांना विचारता येत नाही.

जहाल पंथाचा खरा धोका उतरंडीच्या सिद्धान्तात नाही, हात उचलण्यात आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या तिघींनी २००९ साली १४० कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन दाखवलं की कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली अशा मालकांपैकी ४३ टक्क्यांना उलट आक्रमक प्रतिसाद मिळाला. कुत्र्याला जबरदस्तीने उताणा पाडून दाबून धरण्याचा प्रकार टीव्हीमुळे फार लोकप्रिय आहे. त्यात हे प्रमाण ३१ टक्के. हे एकट्या कुत्र्याचं झालं. घरात दोन असतील तर भीतीचा हिशोब दुसऱ्याच्या नावावर चढतो. धाकटा जवळ आला की आपल्याला पट्ट्याचा झटका बसतो, एवढंच थोरला शिकतो, आणि पुढच्या वेळी धाकटा दहा फुटांवर दिसताच तो भडकतो.

यातला सर्वांत महाग पडणारा गुन्हा म्हणजे गुरगुरण्याबद्दल शिक्षा करणं. गुरगुर हा उद्धटपणा नव्हे, ती मुदत आहे: एवढ्यात मागे हो, नाहीतर पुढचं घडेल. आणि गुरगुरीच्याही आधी बरंच काही घडून गेलेलं असतं. कुत्रा नाक चाटतो, झोप नसताना जांभई देतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, एक पाय उचलून थिजतो. आपण मोबाइलमध्ये असतो. ज्या कुत्र्याला गुरगुरलं की फटका बसतो तो काही दिवसांनी गुरगुरणं सोडतो, आणि घरचे म्हणतात सुधारला. नंतर एका संध्याकाळी तो आवाज न करता थेट मानेला धरतो, तेव्हा "काहीच कारण नसताना" असं डॉक्टरांना सांगितलं जातं.

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे. भांडणं नव्याने सुरू झाली असतील तर प्रशिक्षकाआधी प्राण्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं. लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० साली लिहिलं की वागण्याच्या तक्रारी घेऊन तज्ज्ञांकडे येणाऱ्या प्राण्यांपैकी, हात राखून अंदाज केला तरी, तिसऱ्या हिश्श्याच्या मुळाशी कुठेतरी दुखणं असतं; काही ठिकाणी हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जातं. नऊ वर्षांच्या लॅबच्या कमरेचा सांधा दुखत असतो, तरुण कुत्रा खेळात त्याच्यावर आदळतो, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तो चावतो. कान पिकलेला असतो, दाढ किडलेली असते, आपल्याकडे पावसाळ्यात गोचीड ताप असतो. घरात मात्र "हा म्हातारपणी चिडखोर झाला" असा शेरा मिळतो. या एका कारणासाठी तरी स्वभावाबद्दलचे सगळे सिद्धान्त आठवडाभर बाजूला ठेवावेत.

नसबंदीने सगळं सुटेल ही समजूतही थोडी आवरायला हवी. दोन नरांमधल्या भांडणात तिचा काही वेळा उपयोग होतो. मादी माजावर आली की घरातल्या नरांत होणाऱ्या मारामाऱ्या त्या मादीच्या नसबंदीने थांबतात, हे उघड आहे. पण दोन माद्यांमधलं वैर शस्त्रक्रियेने मावळेल असा भरवसा कुणी देऊ नये. नसबंदी इतर अनेक कारणांसाठी करावी. यासाठी केली आणि तोवर दोघींना एकाच खोलीत ठेवलं, असं नको.

प्रत्यक्ष मारामारी पेटली तर मध्ये हात घालायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही सगळे हात घालतात, कारण समोर आपलंच लेकरू असतं. त्या क्षणी कुत्र्याला दातांखाली काय आलं ते कळत नाही. घरातल्या माणसांना झालेले खोल चावे पुष्कळदा असेच होतात. गळ्यातला पट्टा धरायला जाणारा हात सगळ्यात आधी सापडतो. ओरडण्यानेही आगीत तेलच पडतं. सतरंजी किंवा जाड चादर दोघांवर टाकणं, मध्ये खुर्ची, पाट, कपडे वाळत घालायचा स्टँड जे मिळेल ते सारणं, बादलीभर पाणी, जमिनीवर आपटलेलं स्टीलचं ताट: हे आधी. दोन मोठी माणसं असतील तर दोघांनी एकेका कुत्र्याचे मागचे पाय धरून एकाच वेळी मागे ओढायचं, हे अगदी शेवटी. सुटले की दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवून दारं लावायची, आणि समेट घडवायला लगेच समोरासमोर आणायचं नाही. दातांची खोल भोकं वरून बारीक दिसतात पण आत पिकतात, म्हणून कुत्र्यालाही डॉक्टरला दाखवायचं. माणसाला दात लागला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठायचा, कुत्रा घरचा असो, लस दिलेला असो.

ज्या व्यवस्थेबद्दल मी बोलतो आहे ती दिसायला फार साधी आहे, म्हणूनच लोकांना ती उपाय वाटत नाही. लहान मुलांसाठी दारात लावतात ती जाळीची फाटकं, आतून लागणारी कडी, दोन वेगळ्या खोल्यांत दोन वाट्या, रात्री दोन बिछाने. एक बाहेर तर दुसरा आत, आणि दुपारनंतर उलट. फिरायला सुरुवातीला वेगवेगळं. मग दोन माणसांनी, रस्त्याच्या दोन कडांनी, एकाच दिशेने, कुत्र्यांना एकमेकांकडे तोंड करू न देता. आठवडे नीट गेले की अंतर थोडं कमी करायचं, बिनसलं की पुन्हा वाढवायचं. एकाला दुसरा दिसला की काहीतरी चविष्ट मिळतं, हे दोघांच्या मनात रुजवत राहायचं. तोंडाला जाळीचं मुसकं, ज्यात जिभेने पाणी पिता येतं आणि धापा टाकता येतात. तेही घाईने न चढवता, खाऊ देत देत दोन-तीन आठवड्यांत सवयीचं केलेलं. लिफ्टमध्ये मुसकं घातलेला कुत्रा दिसला की शेजारी अंग चोरतात आणि मालक खजील होतो. खरं तर त्या लिफ्टमधला सर्वांत निर्धोक कुत्रा तोच असतो.

हे महिनोन्‌महिने चालतं, आणि काही घरांत कुत्र्यांच्या आयुष्यभर. इथे मवाळ पंथाचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप येतो: कुत्रा कळपाचा प्राणी, त्याला भिंतीआड ठेवणं हा कोंडवाडा नाही का? कायम एकट्याला कोंडलं तर नक्कीच. पण भिंतीपलीकडे वैरी आहे आणि तो इकडे येणार नाही, हे ठाऊक असलेला कुत्रा पाय पसरून झोपतो. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबरोबर चोवीस तास एका सोफ्यावर बसवलेला कुत्रा झोपेतही कान टवकारून असतो. दोघांपैकी कोंडलेला कोण? आपल्याला दोघांनी एकमेकांच्या अंगावर डोकं ठेवून झोपलेलं हवं असतं, कारण त्याचा फोटो छान येतो. त्यांनी एकमेकांकडे दुर्लक्ष करावं, इतकं जमलं तरी तो संसार यशस्वी झाला असं मी म्हणेन. माणसांच्या कित्येक संसारांकडून आपण याहून अधिक मागत नाही.

कधी कधी भिंतही पुरत नाही. पस्तीस किलोचा एक आणि सहा किलोचा दुसरा. किंवा इशारा न देता, सोडवल्याशिवाय न सुटणारा चावा. किंवा घरात रांगणारं मूल नाहीतर काठी टेकत चालणारी आजी, आणि दारं दिवसातून पन्नास वेळा उघडणारी. अशा वेळी दोघांपैकी एकाला दुसरं चांगलं घर शोधून देणं हाच मार्ग असतो, आणि त्याला विश्वासघात म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. निघून जाण्याची जी सोय आपण काढून घेतली होती तीच आपण त्याला उशिरा परत करत असतो. एकुलता म्हणून तोच कुत्रा दुसरीकडे गुण्यागोविंदाने राहू शकतो. अट एकच: नव्या घराला खरं ते सगळं सांगायचं. "दुसऱ्या कुत्र्याबरोबर राहू शकत नाही" हे वाक्य लपवून दिलेला कुत्रा काही महिन्यांनी परत येतो, किंवा परत येत नाही, जे अधिक वाईट. चांगलं घर सापडेपर्यंत थांबावं लागतं आणि तोवर दारं लावलेलीच ठेवावी लागतात. रात्री गाडीत घालून गावाबाहेर सोडून येणं हा मार्ग नव्हे, तो गुन्हा आहे. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, यावरून आपण या गुन्ह्याची किंमत काय धरली ते दिसतं. सोफ्यावर वाढलेला कुत्रा ज्या गल्लीत सोडला जातो ती आधीच कुणाची तरी असते, आणि तिथून निघून कुठे जायचं हे त्याला माहीत नसतं.

या सगळ्याची सुरुवात ज्या निर्णयापासून होते त्याबद्दल आपण फार कमी बोलतो: दुसरा कुत्रा आणण्याचा निर्णय. पहिला दिवसभर एकटा असतो, कंटाळतो, बूट कुरतडतो, म्हणून त्याला सोबत. म्हणजे आपल्याला ज्याच्यासाठी वेळ नाही त्याच्यावरचा इलाज म्हणून आणखी एक जिवंत प्राणी, ज्याच्यासाठीही आपल्याकडे वेळ नाही. विकणारे तर एकाच विणीची दोन पिलं "जोडीने घ्या, रमतील" म्हणून गळ्यात मारतात. एकाच वयाची, बऱ्याचदा एकाच लिंगाची दोन पिलं एकाच वेळी वयात येतात. टफ्ट्सचा तो ७९ टक्क्यांचा आकडा अशा वेळी आठवावा. माणसाकडून शिकण्याऐवजी ती एकमेकांतच गुंतून राहतात आणि दोघांनाही वेगवेगळं वाढवणं हे एका पिलाच्या दुप्पट काम असतं, निम्मं नव्हे. आश्रयस्थानातून दुसरा कुत्रा घेणाऱ्याचा हेतू उदात्त असतो, पण त्या उदात्ततेचं भाडं घरातला पहिला कुत्रा भरतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

"म्हणजे ज्यांची घरं मोठी त्यांनीच दोन कुत्रे पाळायचे का?" असा प्रश्न कुणी चिडून विचारील. प्रश्न चौरस फुटांचा नाही. बंगल्यातही दोन कुत्रे एकाच जिन्यावर भेटतात, आणि एका खोलीच्या घरात एकच कुत्रा अतिशय सुखात राहतो. पण एका खोलीत, दिवसभर रिकाम्या राहणाऱ्या घरात, फिरवायला एकच माणूस असताना दोन प्रौढ कुत्रे ठेवायचे असतील, तर उत्तर 'नाही' असंच आहे, आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

तेव्हा दुसऱ्या पिलाचा फोटो फोनवर आला असेल तर हो म्हणण्याआधी इतकंच बघा: तुमच्या घरात नीट लागणारी दोन दारं आहेत का, दोघांना वेगवेगळं फिरवायला दोन माणसं आहेत का, आणि वर्षभर एक आत, एक बाहेर असं राहावं लागलं तर घरातले सगळे ते पाळतील का. यांपैकी एकाचंही उत्तर अडखळत येत असेल, तर ते पिलू दुसऱ्या घरी जाऊ द्या. पहिल्या कुत्र्याला संध्याकाळी अर्धा तास जास्त फिरवून आणा.